गॅरेजमधलं विमान: पिटेनपोल बांधताना आणि सांभाळताना

(या भागाचं शब्दांकन. अडखळणं आणि चहाचे घोट काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या काही भागांत आपण छंदांवर बोलतोय. कुणी जुनी घड्याळं दुरुस्त करतं, कुणी भंगारातल्या बुलेट उभ्या करतं. आजचा छंद थोडा जागा खाणारा आहे. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण २९ फूट. घरी बांधलेलं विमान. रिमोटवर चालणारं मॉडेल म्हणत नाहीये मी. दोन माणसं आत बसून उडतील असं खरंखुरं विमान, आणि तेही जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशांवरून बांधलेलं.

आधी माझा अधिकार सांगतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक कॉम्प्युटरमध्ये. एरोनॉटिक्सचा एकही पेपर मी दिलेला नाही. नोकरीमुळे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि गेली चार वर्षं जवळजवळ प्रत्येक शनिवारी एका गृहस्थांच्या गॅरेजमध्ये हाताखालचा माणूस म्हणून काम करतो. ते निवृत्त शिक्षक आहेत, शाळेत सुतारकाम शिकवायचे. इथल्या पद्धतीने मी त्यांना नावानेच हाक मारतो, पण नाव इथे घेत नाही. आपण त्यांना आजोबा म्हणू. मी गेलो तेव्हा आजोबा ७४ वर्षांचे होते. हे वय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे विमान नक्की कोणतं?

विमानाचं नाव पिटेनपोल एअर कॅम्पर. मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचं एक छोटंसं खेडं आहे. तिथे बर्नार्ड पिटेनपोल नावाचा मेकॅनिक राहायचा. जन्म १९०१, मृत्यू १९८४. इंजिनिअरिंगची डिग्री नाही, सगळं हाताने शिकलेला. १९२० च्या दशकात त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: विमानाचं इंजिन सामान्य माणसाला परवडत नाही, तर मग मोटारीचं इंजिन लावून विमान उडवता येईल का? आधी त्याने फोर्ड मॉडेल टी गाडीच्या इंजिनावर प्रयोग केले. मग फोर्डची मॉडेल ए गाडी आली आणि त्याला हवं ते सापडलं. चार सिलिंडर, ३.३ लिटर, ४० हॉर्सपॉवर. या गाड्या ४८ लाखांच्या घरात बनल्या. म्हणजे इंजिन कुठल्याही गावात, भंगारवाल्याकडेसुद्धा मिळणार.

तेव्हा ‘मॉडर्न मेकॅनिक्स’ नावाचं मासिक होतं. मोटारीच्या इंजिनावर विमान उडवण्याच्या कल्पनेवर त्याच्या संपादकाचा विश्वास नव्हता. पिटेनपोलने वाद घातला नाही. १९३० मध्ये तो विमान घेऊन सरळ मिनियापोलिसला उतरला. त्यानंतर त्याच मासिकवाल्यांनी त्याचे नकाशे छापले, १९३२ च्या ‘फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल’ मध्येही ते आले. तेव्हापासून आजवर लोक हे विमान बांधतायत. दरवर्षी जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधल्या ब्रॉडहेड गावच्या गवताच्या धावपट्टीवर पिटेनपोलवाले जमतात. आपल्याकडे जत्रेला बैल सजवून आणतात ना, तसे लोक आपापलं विमान घेऊन येतात आणि एकमेकांच्या विमानाखाली वाकून वाकून बघत बसतात.

दिसायला कसं असतं? पंख एकच, पण तो माणसांच्या डोक्यावर छत्रीसारखा धरलेला. याला पॅरासोल म्हणतात. दोन उघड्या कॉकपिट, एकामागे एक. पायलट मागे, पाहुणा पुढे. सगळा सांगाडा लाकडाचा, वरून कापड. वेग ताशी ११०–१२० किलोमीटर. खाली हायवेवरच्या गाड्या कधीकधी पुढे निघून जातात, खोटं नाही सांगत.

५१ टक्क्यांची गोष्ट

‘असं कुणीही उठून विमान बांधायचं? परवानगी असते?’ हा प्रश्न मला प्रत्येक फोनवर घरून विचारला जातो. आईने तर अजून विचारायचं सोडलेलं नाही.

असते. अमेरिकेत एफएए, म्हणजे तिथलं विमान वाहतूक खातं, ‘एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट’ नावाचा वेगळा वर्ग ठेवतं. अट अशी की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेलं हवं. बोलीभाषेत याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. बांधून झाल्यावर तपासणी होते, मग ठरावीक तास पाहुण्याशिवाय चाचणी उड्डाणं करावी लागतात. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४०. आमचं मोटारीचं इंजिन, म्हणून ४०. अशा विमानातून भाडं घेऊन कुणाला नेता येत नाही, आणि आत पाहुण्याला दिसेल अशी पाटी लावावी लागते की हे विमान प्रमाणित विमानांचे सुरक्षा नियम पाळत नाही. सरळ लिहिलेलं असतं. बसायचं तर वाचून बस.

ही चळवळ इथे रुजली त्यात ईएए या संस्थेचा मोठा वाटा आहे. पॉल पोबेरेझ्नी आणि त्यांच्या मित्रांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्येच ती सुरू केली. १९७० पासून त्यांचा मोठा मेळावा ओशकोश गावात भरतो. पिटेनपोलचं मूळ हँगरही चेरी ग्रोव्हहून उचलून ओशकोशच्या संग्रहालयात आणून उभं केलंय.

आता तपासणीला येणारा अधिकारी पहिल्यांदा काय मागतो? विमान नाही. वही मागतो. रोज काय केलं, कुठलं लाकूड, कुठला गोंद, फोटो, तारीख. आम्ही कोडच्या दुनियेतले लोक, आपल्याला वाटतं गिट हिस्टरी म्हणजे आपलाच शोध. आजोबांच्या लॉगबुकमध्ये गोंदाच्या प्रत्येक डब्याचा बॅच नंबर आहे. आणि याच वहीमुळे आमचं एक वर्ष गेलं. ते सांगतो.

न लिहिलेले पंख

आजोबांनी स्वतः बांधलेला भाग म्हणजे फ्युजलाज, मधला सांगाडा, आणि शेपटी. त्यावर त्यांची नऊ वर्षं गेली होती. पंख मात्र त्यांनी विकत घेतले होते. दूरच्या एका गावात कुणीतरी हेच विमान अर्धवट बांधून वारलं, घरच्यांनी सामान काढलं, त्यात दोन तयार पंख. सांगाडा पूर्ण, फक्त कापड चढवायचं बाकी. कारागिरी बघून तोंडात बोटं घालावीत अशी. पण सोबत वही नव्हती. गोंद कुठला वापरलाय, कोणत्या साली, कोणत्या तापमानाला, काही माहिती नाही.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. अशा पंखात दोन लांब दांडे असतात, पुढचा आणि मागचा. त्यांना स्पार म्हणतात. त्यावर आडव्या रिब्ज, म्हणजे फासळ्या. आमच्या विमानात तीसच्या आसपास. एक रिब म्हणजे पाव इंच बाय अर्धा इंच जाडीच्या स्प्रूस लाकडाच्या पट्ट्या, साच्यात वाकवून बसवायच्या आणि प्रत्येक जोडावर पातळ प्लायवुडचा तुकडा चिकटवायचा. बारीक खिळे असतात, पण ते गोंद सुकेपर्यंत तुकडा दाबून धरण्यापुरते. उडताना सगळा भार गोंदावर. जुन्या काळी केसीन वापरायचे, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला गोंद. सुका राहिला तर पक्का, पण ओल लागली की बुरशी धरतो. आता बहुतेक लोक इपॉक्सी वापरतात.

बघून गोंद कळत नाही. वरून सगळे जोड सारखेच दिसतात. कळायचा एकच मार्ग: जोड मोडून बघायचा. चांगला जोड मोडला तर लाकूड फाटतं, गोंदाच्या रेषेवर लाकडाचे तंतू चिकटून राहतात. वाईट जोड गोंदातच सुटतो, दोन्ही बाजू स्वच्छ, चकचकीत.

मी गेलो त्या पहिल्याच हिवाळ्यात हा प्रश्न टेबलावर होता. आजोबांचे दोन मित्र, दोघांनीही स्वतःची विमानं बांधलेली, त्यांची मतं अगदी उलट. एक म्हणाला, ‘वीस वर्षं पंख वाकला नाही, एक जोड हलत नाही, कापड चढव आणि उड. तुझं वय बघ.’ दुसरा म्हणाला, ‘तुझं वय बघ, म्हणूनच सांगतो, नको.’ आजोबा दोन आठवडे काही बोलले नाहीत. मग एका शनिवारी त्यांनी करवत घेतली आणि डाव्या पंखाच्या टोकाकडच्या दोन रिब्ज कापून काढल्या. व्हाइसमध्ये धरून आम्ही एकेक जोड मोडला.

पहिल्या रिबचे सगळे जोड लाकडात फाटले. आमचे चेहरे खुलले. दुसऱ्या रिबचे चार जोड लाकडात, तीन जोड गोंदात. स्वच्छ सुटले, बिस्किटाच्या दोन चकत्या सुटाव्यात तसे.

आता विचार करा. हे सगळेच जोड वाईट असते तर निर्णय सोपा होता. सगळे चांगले असते तरी सोपा. इथे काही चांगले आणि काही वाईट, आणि उरलेल्या शेकडो जोडांपैकी कुठले कोणत्या जातीचे ते कळायला मार्ग नाही. मी माझ्या सवयीने सँपलिंगचा हिशोब मांडायला लागलो. अजून किती रिब्ज तपासल्या तर किती खात्री, वगैरे. आजोबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तपासलेली रिब परत लावता येते का?’ नाही येत. मोडूनच तपासायची. म्हणजे खात्री हवी तर सगळ्या मोडायच्या, आणि सगळ्या मोडायच्या असतील तर नव्याच बनवा ना.

७४ वर्षांच्या माणसाने तयार पंख कापून टाकले. मी त्या दिवशी घरी जाताना गाडीत रेडिओ लावला नाही, एवढंच सांगतो.

स्पार मात्र वाचवता आले का ते बघितलं. लाकडाच्या रेषा किती तिरक्या जातात ते मोजायचं. पंधरा इंचांत एक इंचापेक्षा जास्त तिरकस नको. मग दिवा अगदी आडवा धरून बघायचं की तंतूंना आडवी अशी केसासारखी रेषा कुठे दिसते का. ती दिसली तर लाकूड कधीतरी दाबाखाली चिरडलंय असं समजायचं, आणि ते लाकूड बाद. आम्हाला एका स्पारवर तशी शंका आली. शंकाच. तरी चारही स्पार नवे घेतले. पैसा गेला.

रिब्ज बनवायला साचा एकच. गोंद सुकायला एक रात्र. म्हणजे दिवसाला एक रिब. आजोबा आठवडाभर रोज एक बनवायचे आणि शनिवारी मी आलो की घासकाम माझ्याकडे. गोंदाच्या प्रत्येक घाण्यातून एक नमुन्याचा जोड वेगळा चिकटवायचा, त्यावर तारीख टाकायची, दुसऱ्या दिवशी मोडायचा. तो बूटांचा खोका अजून आहे. मोडक्या तुकड्यांनी भरलेला.

कापड आणि इस्त्री

कापड चढवायचं काम ऐकायला सोपं वाटतं. पूर्वी सुती कापड किंवा लिनन वापरायचे आणि त्यावर डोप नावाचं रसायन फासून ते ताणायचे. आता पॉलिएस्टर वापरतात. ते गोंदाने कडेला चिकटवायचं आणि इस्त्रीने गरम करून आकसवायचं. होय, घरातली इस्त्री. फरक एवढाच की तिच्या डायलवर विश्वास ठेवायचा नाही. थर्मामीटर लावून खुणा करायच्या. आधी २५० अंश फॅरनहाइटला एक हात फिरवायचा, शेवटी ३५०ला. त्याच्या वर गेलात तर कापड ताण सोडतं आणि मग परत येत नाही. नीट आकसलं की पंखावर टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज येतो.

मग रिब स्टिचिंग. कापड प्रत्येक रिबला मेणाच्या दोऱ्याने शिवायचं. लांब सुई पंखाच्या आरपार, खाली एक माणूस, वर एक माणूस. ठरावीक अंतरावर ठरावीक गाठ. माझी आजी गोधड्या शिवायची, तिला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, ‘टाका मोठा घालतोयस.’ घातला नव्हता, नकाशातच अंतर तेवढं होतं. पण ते तिला कोण सांगणार?

शिवणीवर पट्ट्या, त्यावर रंगाचे थर. त्यात एक थर चंदेरी असतो, तो शोभेसाठी नाही. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पॉलिएस्टरला खातात, ते हा थर अडवतो. वरचा रंगही फिकट ठेवला. गडद रंग उन्हात तापतो आणि तापलेलं इपॉक्सी मऊ पडतं.

फोर्डचं इंजिन

आता इंजिन. मोटारीत असतं त्याच्या उलटं बसवलेलं. मोटारीत ज्या टोकाला फ्लायव्हील असतं, ते टोक इथे पुढे येतं आणि त्यावर लाकडी प्रोपेलर. रेडिएटर इंजिनाच्या मागे उभा, बरोब्बर पुढच्या माणसाच्या नाकासमोर. समोरचं फारसं दिसत नाही, पण थंडीत ऊब मिळते. बॅटरीच्या इग्निशनऐवजी मॅग्नेटो. नेहमीच्या विमान इंजिनात दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात. इथे सगळं एकेरी. म्हणून उडताना खाली उतरण्याजोगं शेत कुठलं, हे डोक्यात कायम चालू ठेवायचं.

या इंजिनाच्या बेअरिंगांत बॅबिट ओतलेलं असतं, म्हणजे आपल्याकडे ज्याला व्हाइट मेटल म्हणतात ते. मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात लहानपणी शेतीपंपांच्या इंजिनांची बेअरिंगं भरताना बघितलीत. वितळलेल्या धातूचा तो वास ओळखीचा होता. या सगळ्या प्रवासात मला आधीपासून ठाऊक असलेली हीच एक गोष्ट निघाली.

इंधन पंपाने नाही, उंचीवरून उताराने येतं. इथे एक आकडा फार महत्त्वाचा: टेकऑफला जेवढं इंधन लागतं त्याच्या दीडपट धार मिळायला हवी, तीही नाक वर करून. तासाला ५ गॅलन लागत असेल तर किमान साडेसात. आम्ही शेपटी खड्ड्यात सोडून, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवून, बादली आणि स्टॉपवॉच घेऊन मोजलं. हिशोबाने सातच भरले. फिल्टर बदलला, नळीचं एक वळण सरळ केलं, मग अकरा भरले. जमिनीवर सातवर इंजिन व्यवस्थित चालत होतं, हे मुद्दाम सांगतो. नाक वर करून चढत असतानाच ते कमी पडलं असतं.

वजनकाटा आणि पहिलं उड्डाण

तयार विमान तीन काट्यांवर उभं करतात, दोन चाकं आणि शेपटी. त्यावरून गुरुत्वमध्य काढायचा. आमचा निघाला मागे. पायलट मागे बसत असल्याने या विमानात हे बऱ्याच जणांचं होतं. उपाय नकाशातच दडलेला आहे: पंख डोक्यावर वेगळ्या दांड्यांवर उभा असल्याने तो अख्खा मागे सरकवता येतो. आम्ही ३ इंच सरकवला.

पहिलं उड्डाण कोण करणार? आजोबांकडे लायसन्स होतं, बांधणारे ते, विमान त्यांचं. ते स्वतः म्हणाले, ‘मी तीन वर्षांत शेपटीवर चाक असलेलं विमान उडवलेलं नाही. विमान नवं आणि पायलट गंजलेला, दोन्ही एकदम नको.’ शेतांवर फवारणीची विमानं उडवणाऱ्या एक बाई आमच्या धावपट्टीवर असतात, त्यांनी उडवलं. चौदा मिनिटं. खाली आल्यावर त्यांनी सांगितलं, डावा पंख जड लागतोय आणि पाण्याचं तापमान चढतंय. बाकी ठीक. आजोबांनी वही काढली आणि दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. टाळ्या वगैरे नंतर. दुसऱ्या दिवशी पंखाच्या आधाराचा दांडा थोडा फिरवून लांबी बदलली, रेडिएटरकडे हवा नेणारा पत्रा बदलला.

पुढे आजोबांनी त्या बाईंबरोबर दुसऱ्या विमानात सराव केला आणि उन्हाळ्याच्या शेवटी स्वतःचं विमान स्वतः उडवलं. ४० तास पूर्ण झाल्यावर पहिला पाहुणा मी. पुढच्या कॉकपिटला दार नाही, वर पंख, मध्ये तारा. आत शिरायला योगासनं येत असतील तर बरं.

सांभाळणं

बांधण्याच्या गोष्टी सगळे सांगतात. सांभाळण्याच्या कमी. आणि विमान वर ठेवतं ते सांभाळणं. थोडक्यात यादी देतो.

लाकडी प्रोपेलरचे बोल्ट. लाकूड पावसाळी हवेत फुगतं आणि कोरड्या हिवाळ्यात आकसतं. आकसलं की बोल्ट सैल. कुणी हात लावलेला नसतानाही सैल. म्हणून ऋतू बदलला की टॉर्क रेंच काढायचा. यंदाच्या मार्चमध्ये आमचे सहाच्या सहा बोल्ट उतरलेले निघाले.

कंट्रोल केबल. पुलीवरून वळते तिथे एकेक तार तुटायला लागते. तपासायला केबलवरून कापडाचा बोळा ओढायचा, जिथे अडकेल तिथे तुटकी तार. बोटाने ओढाल तर रक्त निघेल.

पंखाच्या खालच्या कडेची छिद्रं. पाणी निघून जाण्यासाठी असतात. गांधीलमाशी त्यात चिखल भरते, पाणी साचतं, लाकूड कुजतं. आणि उंदीर. हिवाळ्यात पंखात घरटं करतात, त्यांच्या मुताने धातू गंजतो.

बंजी कॉर्ड, म्हणजे चाकांचे धक्के खाणारे रबरी दोर. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. वेष्टणातल्या रंगीत धाग्यांवरून दोर कोणत्या वर्षीचा ते कळतं.

दर बारा महिन्यांनी पूर्ण तपासणी करून लॉगबुकमध्ये सही करावी लागते. ज्याने विमान बांधलं त्याला त्याच एका विमानापुरतं रिपेअरमन सर्टिफिकेट मिळू शकतं, मग तो स्वतः सही करू शकतो. ते आजोबांकडे आहे. विमान विकलं तरी ते सर्टिफिकेट नव्या मालकाकडे जात नाही. ज्ञान बांधणाऱ्याच्या हातात आहे, असं त्यामागचं गृहीतक.

आता मुद्द्याची गोष्ट. आजोबा ७८ चे झालेत. डोळ्यांचा त्रास सुरू झालाय, मधलं दिसणं कमी होतंय. गेल्या शरदात त्यांनी उडवणं थांबवलं. कुणी सांगितलं नाही, स्वतःच थांबवलं. यंदाची तपासणी आम्ही दोघांनी केली ती अशी: मी बघायचं आणि बोलायचं, त्यांनी बोटांनी चाचपायचं आणि विचारायचं. ‘कॉटर पिनचे पाय कुठल्या बाजूला वाकलेत?’ ‘फिटिंगखालचा रंग सोललाय का, की रेघ आहे?’ लँडिंग गिअरच्या एका फिटिंगपाशी मी ‘रंगावर रेघ आहे’ म्हणालो. रंग खरवडला. खाली पोलादातही रेघ होती, नखात अडकणारी. फिटिंग काढलं, नवं वेल्ड करून घेतलं. एका महिन्याचा उन्हाळा गेला. सही त्यांनीच केली, सगळं हाताने पडताळल्यावर.

पुढच्या वर्षी ते सही करणार नाहीत, असं त्यांनी सांगितलंय. विमान आम्ही तिघं मिळून घेतोय, मी एक तृतीयांशाचा मालक. तपासणीसाठी एक लायसन्स असलेला मेकॅनिक गाठून ठेवलाय. त्याने हो म्हणण्याआधी काय मागितलं असेल? वह्या. अकरा वह्या आहेत. तो दोन संध्याकाळी बसून वाचत होता. बूटांच्या खोक्यातले तुकडेही त्याने हातात घेऊन बघितले, आणि मग हो म्हणाला. त्या जुन्या सुंदर पंखांसोबत असा खोका आला असता तर ते आज उडत असते.

मी स्वतः अजून पायलट नाही. परदेशी नागरिकाला इथे ट्रेनिंग घ्यायचं तर आधी टीएसएची परवानगी लागते. ती आली आहे, तास सुरू झालेत.

आपल्याकडे?

तुमच्यातले बरेच जण आता म्हणतील, अमेरिकेत ठीक आहे. तर कॅप्टन अमोल यादव यांचं नाव आठवा. पेशाने पायलट, आणि मुंबईत कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी बघितलं आणि २०१७ मध्ये डीजीसीएकडून त्याची नोंदणी झाली. विमान बांधायला त्यांना वर्षं लागली, आणि कागदांसाठीही लढावं लागलं. इथे हौशी माणसासाठी मळलेली वाट आहे, तिथे त्यांना ती पाडावी लागली. गच्चीवर फासळ्या जोडणाऱ्या माणसाला काय काय लागतं याचा मला आता थोडा अंदाज आहे, म्हणून त्यांच्याबद्दल आदर आणखी वाढलाय.

कुणाला हात घालून बघायचा असेल तर अख्ख्या विमानाचा विचार करू नका. नकाशे मिळवा, एक साचा करा, एक रिब बनवा. लाकूड अगदी थोडं लागतं. सुकू द्या. छान दिसेल, फोटो काढा, ग्रुपवर टाका. आणि मग ती मोडा, आणि कुठे फाटली ते नीट बघून लिहून ठेवा.

प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेतो. इंजिनाबद्दल जास्त विचारू नका, तिथे मला अजून आजोबांना फोन लावावा लागतो. भेटू.